साहेबांचं गाव

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. मी व्हिसा देत नव्हते. कधीच नाही. माझ्या टेबलावर व्हिसाचा शिक्का नव्हता, आमच्या मजल्यावरही नव्हता. तरी नव्वदच्या त्या दशकात न्यू जर्सीतल्या एकूण एक मराठी माणसाने मला कुठे ना कुठे गाठून विचारलंय, "मेश्राम काकू, तुम्ही त्या ब्रिटिश ऑफिसात आहात ना? इंडियाला जाताना लंडनला थांबायचंय, जरा आमच्या व्हिसाचं बघा ना." मंडळाच्या पिकनिकला विचारलंय, बुद्धपौर्णिमेच्या जेवणात विचारलंय, ग्रोसरीत भेंडी निवडताना विचारलंय. एका दाताच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात यंत्र घालून मग विचारलं. मी मान हलवून नाही म्हणत होते आणि तो म्हणत होता, "थॅंक्स हं, काकू!"

आमचं ऑफिस व्यापाराचं होतं. मॅनहॅटनमध्ये एका उंच इमारतीतला अर्धा मजला. कामं दोन. एक, इंग्लंडातून कोणी काही विकायला अमेरिकेत आला तर त्याला चार ओळखी करून द्यायच्या. दुसरं, अमेरिकेतल्या एखाद्या कारखानदाराला युरोपात नवा कारखाना टाकायचा असला, तर तो ब्रिटनमध्येच टाका म्हणून त्याच्या मागे लागायचं. सगळ्यांच्या वर एक साहेब. ते लंडनहून यायचे, तिथल्या सरकारातले वरच्या दर्जाचे सनदी अधिकारी. तीन-चार वर्षं राहायचे आणि जायचे. खालचे आम्ही सगळे इथलेच. साहेब येतात आणि जातात, पण फोटोकॉपीचं मशीन कुठे अडतं आणि कुठे थापटलं की सुटतं, ते आम्हालाच ठाऊक.

मी नागपूरची. लग्न होऊन आले, विलासला औषधांच्या कंपनीत रिसर्चची नोकरी, घर वेस्ट विंडसरला. रोज सकाळी प्रिन्स्टन जंक्शनवरून गाडी पकडायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने डुलक्या घेत परत. मी तिथे बरेच साहेब पाहिले, पण लिहावं असं वाटतं ते एकाबद्दलच, कारण जन्मात इतकी कोणी माझी कटकट केली नाही. रोनाल्ड ऑल्डरटन त्यांचं नाव.

पहिल्या दिवशी चहा नेऊन दिला आणि आपल्या सवयीप्रमाणे विचारलं, "साहेब, गाव कुठलं तुमचं?"

"उत्तरेकडचं," ते म्हणाले.

"उत्तरेकडचं म्हणजे कुठलं?"

"बरंच उत्तरेकडचं," ते म्हणाले आणि चहाबद्दल आभार मानले.

झालं! मनात म्हटलं, बाप्पा, हा माणूस गावाचं नाव सांगत नाही, तर ऑफिसचं काय सांगणार? आणि तसंच झालं.

या सनदी लोकांचं शास्त्र वेगळंच असतं, ते आधी समजून घ्या. मंत्री निवडून येतात, पडतात. अधिकारी तिथेच राहतो. तो कोणत्या पक्षाचा नाही. काम झालं तर श्रेय मंत्र्याचं, फसलं तर मुकाट गिळायचं. मत विचारलं तर "एका बाजूने पाहता असं, दुसऱ्या बाजूने पाहता तसं" असं सांगून बाजूला व्हायचं, आणि आपला-परका तर अजिबात करायचा नाही. आमचे ऑल्डरटनसाहेब या शास्त्रातले दशग्रंथी. हाताची घडी, तोंडावर बोट!

एकदा इंग्लंडहून एक गोरेगोमटे गृहस्थ आले. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या बनवायचे, शेकायच्या असतात त्या. त्यांना त्या पिशव्या ॲरिझोनात विकायच्या होत्या. ॲरिझोनात! जिथे उन्हाळ्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर भाजतो. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दोन्ही हातांची बोटं जुळवली आणि म्हणाले, "आपला विचार धाडसी आहे. तिथल्या हवामानाचाही आपण कधीतरी विचार करावा, असं सुचवावंसं वाटतं." तो गृहस्थ खूश! धाडसी म्हणाले ना! गेला की उड्या मारत विमानात बसून.

"साहेब, एका शब्दात नाही म्हणायचं होतं की!" मी म्हटलं.

"मिसेस मेश्राम, निर्णय त्यांचा होता. माहिती पुढे ठेवणं एवढंच माझं काम."

तो माणूस टोमॅटोसारखा लाल होऊन परत आला. पुढे त्याने त्याच पिशव्यांत बर्फ भरून त्या गोल्फ खेळणाऱ्यांना मानेवर ठेवायला विकल्या आणि बक्कळ कमावलं, ही गोष्ट वेगळी. साहेबांनी मला ते कधीच ऐकवलं नाही. त्याचाही मला राग आला.

आणि ते मंत्री! लंडनहून आले, आमच्या माणसांनी राबराब राबून कार्यक्रम आखला, आणि या बाबांनी व्यासपीठावरून यजमान कंपनीचे आभार मानताना नाव घेतलं तिच्या कट्टर स्पर्धक कंपनीचं. तिकडच्या वर्तमानपत्रांत आलं की न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी मंत्र्यांना चुकीचं सांगितलं. मी स्वतः ते नाव मोठ्या अक्षरांत टाइप करून दिलं होतं! साहेबांना म्हटलं, सांगा ना त्या पेपरवाल्यांना. तर म्हणाले, "मंत्री चुकले असं आपण कसं म्हणणार?" मी त्या दिवशी संध्याकाळी गाडीत शेजारच्या अनोळखी बाईला ही सगळी हकीकत ऐकवली. ती बिचारी एडिसनला उतरायची, मला वाटतं आधीच्याच स्टेशनला उतरली.

साहेबांचं गाव मला शेवटी कळलं ते त्यांच्या बहिणीकडून.

दर शुक्रवारी दुपारी जेवणाच्या वेळेला फोन यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ. "आमचा रॉनी आहे का गं?" इतक्या मोठ्या साहेबाला कोणी रॉनी म्हणतं हे ऐकून मी पहिल्यांदा हसलेच. ही मॉरीन. आवाज असा की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा. तिनेच सांगितलं, जहाजं बांधायच्या कारखान्याशेजारी वाढलो आम्ही, तिथे ओरडल्याशिवाय कोणाला ऐकू जायचं नाही, ती सवय जात नाही बघ. आता साहेबांचा नियम असा की ऑफिसच्या फोनवर घरचं बोलायचं नाही. सरकारचा फोन! मग मॉरीन मला सांगणार आणि मी दार लोटून साहेबांना सांगणार, "बहिणीचा फोन होता. सगळं ठीक आहे, तुम्ही मफलर घालता की नाही विचारलंय." साहेब मान हलवून "आभारी आहे" म्हणणार.

असं करता करता मॉरीनची आणि माझीच मैत्री झाली. गावाचं नाव स्केलबर्न. नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून. गावातल्या बाप्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली, साहेबांच्या वडिलांनीही. मग एक दिवस तो कारखाना बंद पडला. मॉरीनचा नवरा डेरेक तिथे वेल्डर होता. आता दिवसभर मागच्या शेडमध्ये बसून जुने स्क्रू डब्यांत लावायचा, मोठे एका डब्यात, छोटे दुसऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा एकत्र करायचा. "भांडत पण नाही गं आता माझ्याशी," मॉरीन म्हणाली. ती हे ओरडून न सांगता हळू बोलली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या न्यू जर्सीतच, पिस्कॅटवेला, सॅल नावाचे एक कारखानदार होते. खरं नाव सॅल्व्हातोरे, पण सगळी दुनिया सॅल म्हणायची. इटालियन घराणं, लहानपण ट्रेंटनच्या एका गल्लीत गेलेलं. इस्पितळांना लागणारे छोटे पंप बनवायचे. युरोपात माल खपायला लागला म्हणून तिकडे एक कारखाना टाकायचा त्यांनी ठरवलं. साहेब दोन वर्षं त्यांच्या मागावर होते आणि शेवटी सॅल आमच्या बाजूला झुकले. लंडनने चार गावं सुचवली. चारही गावं गांजलेली. कुठे खाण बंद पडलेली, कुठे गिरणी. चौथं नाव होतं स्केलबर्न. पंपाच्या कारखान्याला वेल्डर लागतात, फिटर लागतात. माझ्या डोळ्यांसमोर डेरेकचे ते स्क्रूचे डबे आले.

मॉरीनला मी काही सांगितलं नव्हतं. तिथल्या पेपरातच छापून आलं. शुक्रवारी फोन वाजला तो नेहमीपेक्षा लवकर. "ऐक ना, रॉनीला म्हणावं एक शब्द टाक. बस, एक शब्द. सगळं गाव म्हणतंय, आपला रॉनी आहे तिथे."

मी धावतच आत गेले. साहेब खिडकीशी उभे होते.

"मला माहीत आहे ती काय म्हणाली असेल," ते म्हणाले. "यादी आली त्याच दिवशी मी लंडनला कळवलं की स्केलबर्न माझं जन्मगाव आहे, मला या कामातून मोकळं करा."

"आणि?"

"लंडनचं म्हणणं, ऐन वेळी माणूस बदलता येणार नाही. बाकीच्या तीन गावांबद्दल मी बोलावं. स्केलबर्नबद्दल मात्र काहीच बोलू नये."

लंडनवाल्यांना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या! मी विचारलं, "मग स्केलबर्नबद्दल बोलणार कोण?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी? मी नागपूरची आहे!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि पुढे रोज कळत गेलं. लंडनहून मजकूर आला, तोच वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही. चारही गावांना सारखी पानं, सारखे फोटो. स्केलबर्नचा फोटो काय पाठवला होता, तर पावसात भिजणारं बंद कारखान्याचं फाटक! मॉरीनने मला पोस्टाने एक झकास फोटो पाठवला. उन्हाळ्याची जत्रा, मागे निळी नदी, पोरं आइस्क्रीम खातायत, डेरेकच्या डोक्यावर कागदी टोपी. मी साहेबांना म्हटलं, हा लावू या. त्यांनी तो फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग मला परत दिला आणि म्हणाले, "बाकीच्या तीन गावांच्या बहिणींनी फोटो पाठवलेले नाहीत."

"अहो साहेब, जगात सगळे आपापल्या माणसाचं बघतात!" मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "आमच्याकडे साधा मामलेदार झाला तरी गावाला रस्ता येतो. गावाने जन्म दिला, तर एक शब्दसुद्धा नको?"

"मिसेस मेश्राम, शब्द टाकायचा तर सगळ्यांसाठी टाकावा, नाहीतर कोणासाठीच नाही."

ठरलेल्या दिवशी आम्ही पिस्कॅटवेला गेलो. सॅल, त्यांचा मुलगा, त्यांचा हिशेबनीस, आणि टेबलावर एवढ्या पेस्ट्र्या की कागद ठेवायला जागा नाही. साहेबांनी तीन गावं सांगितली. आणि काय सुरेख सांगितली हो! वेल्समधल्या गावाबद्दल तर असं बोलले की मलाच तिथे राहायला जावंसं वाटलं. मग ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चौथ्या गावाबद्दल एक गोष्ट आधी सांगणं माझं कर्तव्य आहे. स्केलबर्न माझं जन्मगाव आहे. माझं कुटुंब तिथे राहतं. त्यामुळे पुढची माहिती मिसेस मेश्राम वाचतील."

सॅल एकदम खुलले. खुर्ची पुढे ओढली. "अरे, तुमचं गाव! मग सांगा ना! लोक कसे आहेत?"

"मला वाटतं मी त्याबद्दल काही न बोलणं योग्य," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

मी वाचलं. बंदराची खोली. पावसाचं प्रमाण. रस्ते किती रुंद. वाचता वाचता माझं मलाच रडू येईल इतकं रटाळ. मधेच सॅलनी विचारलं, "तुम्ही गेलायत कधी तिथे?" मी म्हटलं, नाही. ते पुन्हा साहेबांकडे वळले. "पण तुम्ही तर तिथे वाढलात. तिथली माणसं कामाला चांगली आहेत, एवढं तरी सांगाल?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला न साहेब, हो म्हणा न फक्त! त्यांची बोटं जुळलेली होती, आणि जुळलेली बोटं पांढरी पडली होती. ते म्हणाले, "ते आपण स्वतः तिथे जाऊन ठरवावं, हे उत्तम."

बाहेर पार्किंगमध्ये सॅल माझ्याजवळ आले. म्हणाले, "मिसेस एम, एक सांगू का? माझ्या ट्रेंटनच्या गल्लीबद्दल विचारा. कुठल्या दुकानातला पाव चांगला, कोण दारू पितो पण काम सोन्यासारखं करतो, रात्रीपर्यंत सांगत बसेन. ज्या माणसाला स्वतःच्या गावाबद्दल एक चांगला शब्द बोलवत नाही, त्याच्या गावात काहीतरी खोट असणार."

"अहो, तसं नाही!" मी म्हटलं. "ती त्यांची रीत आहे. आपलं गाव म्हणूनच ते बोलत नाहीत."

"ही कसली रीत?" सॅल म्हणाले.

मी समजावलं. दोनदा समजावलं. हात नाचवून समजावलं. सॅल भला माणूस, ऐकून घेतलं. पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ही बाई साहेबाची नोकर आहे, दुसरं काय बोलणार. साहेब गाडीपाशी पाठमोरे उभे होते. इमानदारीने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि तेच गावाच्या मुळावर आलं.

कारखाना वेल्समधल्या गावाला गेला.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी जी सुरू झाले, ती पोळ्या होईपर्यंत थांबले नाही. "हा काय माणूस आहे का? तिन्ही परक्या गावांचं कौतुक केलं, आणि स्वतःच्या गावाचा गळा कापला! कसला आलाय नियम! बहीण आहे, मेव्हणा आहे, काही आतडं आहे की नाही?"

आमची मैत्रेयी इथे जन्मलेली, तेव्हा शाळेत. ती म्हणाली, "मॉम, यू आर येलिंग ॲट द पोळी."

विलास शांतपणे वरण ढवळत होता. तो म्हणाला, "सुनंदा, तुझे बाबा हेडक्लार्क कसे झाले?"

मी लाटणं खाली ठेवलं. इतकी वर्षं झाली, अजूनही हे लिहिताना मला थांबावं लागतं.

माझे बाबा नागपूरला एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे नवा साहेब आला की पहिल्या दिवशी सगळ्यांना हसून विचारायचा, "गाव कुठलं तुमचं?" मग आडनाव. मग वस्ती कुठली. तीन प्रश्नांत माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते ठरायचं. साहेबाच्या गावचे, साहेबाच्या नात्यातले, साहेबाच्या जातीचे वर सरकायचे, आणि बाबा तिथल्या तिथे. मग एक साहेब आले. कोरडे ठणठणीत. कोणाला घरी बोलावलं नाही, कोणाला चहा पाजला नाही, हसले नाहीत. ज्यांची पाळी होती त्यांना नेमाप्रमाणे बढती दिली आणि बदली होऊन गेले. बाबांनी त्या दिवशी सगळ्या वस्तीला पेढे वाटले. आई म्हणाली, त्या साहेबांनाही नेऊन द्या. बाबा म्हणाले, "ते घेणार नाहीत. भारी कोरडा माणूस. पण त्यांनी मला एक गोष्ट कधी विचारली नाही. गाव कुठलं."

आणि मी इथे येऊन पहिल्याच दिवशी साहेबांना हसत हसत तेच विचारलं होतं. मी आपली मायेने विचारते, सगळेच विचारतात. पण बाबांना या प्रश्नाची धास्ती असायची.

वेल्समधल्या त्या गावातही कोणी मॉरीन असेलच. तिचा नवरा सॅलच्या कारखान्यात लागला असेल, आणि तिचा कोणी भाऊ न्यूयॉर्कला नव्हता. हे सगळं मला पटलं. पटलं तरी राग काही गेला नाही. आता काय करायचं, माझा स्वभावच तसा आहे.

पुढच्या शुक्रवारी मॉरीनचा फोन आला. "रेडिओवर ऐकलं म्हणून सांग त्याला," एवढंच म्हणाली. मफलरचं विचारलं नाही. फोन ठेवला, आणि त्यानंतर तिचे फोन बंद झाले.

मग शुक्रवारी दुपारी साहेबांच्या खोलीचं दार उघडं राहायला लागलं. एरवी ते कायम लोटलेलं असायचं. सॅंडविच समोर तसंच, हातात काहीतरी कागद, आणि माझ्या टेबलावर कुठलाही फोन वाजला की कागद खाली. मी सांगायचे, "फोटोकॉपीवाला आहे." ते म्हणायचे, "आभारी आहे."

"अहो, तुम्ही लावा ना फोन!" मी म्हणायचे. "घरून लावा, संध्याकाळी लावा!"

"तिला त्रास द्यावासा वाटत नाही," ते म्हणायचे. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली. ही दोघं भावंडं समुद्राच्या दोन टोकांना तोंड शिवून बसलेली, आणि मध्ये मी! शेवटी मीच मॉरीनला फोन केला. "तू का नाही बोलत त्याच्याशी?" म्हटलं. "नियम होता गं त्यांचा. त्याने पहिल्याच दिवशी स्वतःहून अंग काढून घेतलं होतं."

"ते मला ठाऊक आहे," मॉरीन म्हणाली. "त्याच आठवड्यात दोन ओळींचं पत्र आलं होतं, या कामात मी नाही, मला काही विचारू नकोस. आमचा बापही तसाच होता, सरळ म्हणजे सरळ. मी त्यावर रागावलेलेच नाही." मग म्हणाली, "डेरेकला नोकरी मिळाली नाही, ठीक आहे. पण एकदा म्हणायचं होतं ना, मॉरीन, मलाही वाईट वाटलं म्हणून. त्याला वाटलं का, हेच मला कळत नाही. कारखाना इथे यावा असं त्याला वाटत तरी होतं का?"

मी साहेबांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "पदावर असेपर्यंत मला काय वाटतं, हे बोलणं बरं नव्हे." मी फाइल टेबलावर आपटून बाहेर आले. चांगला आवाज झाला.

मग त्यांचं निवृत्तीचं वय आलं. एका शुक्रवारी सकाळी नवे साहेब हजर झाले आणि दुपारी बाराला ऑल्डरटनसाहेबांनी चार्ज दिला. केक कापला, भाषण झालं. भाषणात त्यांनी फोटोकॉपीच्या मशीनचे आणि ते चालू ठेवणाऱ्यांचे आभार मानले. मग नवे साहेब आतल्या खोलीत गेले, आणि हे कोट घालून माझ्या टेबलासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत येऊन बसले. विमानतळावर न्यायला गाडी यायची होती. जेवणाची वेळ झाली होती. फोन वाजत नव्हता. ते माझ्या फोनकडे बघत होते.

माझं डोकंच फिरलं. मी रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला.

"मिसेस मेश्राम, हा सरकारी फोन..."

"पैसे मी भरते. चार्ज दिलात ना? आता तुम्ही कोणाचेच अधिकारी नाही." तिकडे घंटी वाजली. मॉरीनचा आवाज आला. मी म्हटलं, "मॉरीन, थांब, कोणीतरी बोलतंय," आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "मॉरीन? रॉनी बोलतोय." मग खिडकीबाहेर पाहिलं. "तुमच्याकडे पाऊस आहे का?" त्यांनी विचारलं.

पाऊस! मी कपाळावर हात मारला. "बोला न बाप्पा!" अस्सल नागपुरीत ओरडले मी. रिसेप्शनवरची पोरगी उठून उभी राहिली. साहेबांना मराठीचा शब्द येत नव्हता, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना बरोबर समजलं.

"मॉरीन," ते म्हणाले, "तो कारखाना मला आपल्याकडेच हवा होता. फार हवा होता. मी तिथे बसलो होतो, त्याने विचारलं माणसं कशी आहेत, आणि मला डेरेकचे हात दिसत होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो विचार एक दिवसही गेला नाही मनातून."

मी तोंड फिरवून फायली लावायला लागले. उगाच, कुठल्याही.

मॉरीनचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला स्वच्छ ऐकू आला. "मग हे तेव्हाच सांगायला काय धाड भरली होती तुला, मूर्खा?" मग नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "आज मासे आहेत. उद्यासाठी ठेवते. कधी पोचतोस?"

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला. त्यांच्या प्रवासाचा कागद मी तीनदा टाइप केला होता, कारण त्यांनी त्यात तीनदा दुरुस्त्या केल्या होत्या. तो त्यांना तोंडपाठ असणार. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मिसेस मेश्राम, मी घरी कधी पोचतो?"

"उद्या दुपारी," मी म्हटलं.

"उद्या दुपारी," त्यांनी बहिणीला सांगितलं. तेवढ्यात नवे साहेब दारात येऊन उभे राहिले आणि सभ्यपणे विचारते झाले, "मिस्टर ऑल्डरटन, आता राहायला कुठे जाणार?"

"स्केलबर्नला," ते म्हणाले. "माझं गाव आहे. तिथली माणसं फार चांगली आहेत."